साहेब गेले, कोर्ट उठलं!

भारताच्या सर्वोच्च न्यायालयात आजवर बसलेलं सगळ्यात मोठं खंडपीठ १३ न्यायमूर्तींचं. खटला केशवानंद भारतींचा, निकालाची तारीख २४ एप्रिल १९७३. राज्यघटनेचा गाभा संसदेला बदलता येतो का, एवढ्या जड प्रश्नालाही १३ डोकी पुरली. पण एखादा आजी-माजी न्यायमूर्ती वारला की तेवढी पुरत नाहीत. तेव्हा अख्खं कोर्ट एकत्र बसतं. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाची मंजूर संख्या सरन्यायाधीशांसकट ३४ झाली. त्यातले हजर असतील तेवढे सगळे सरन्यायाधीशांच्या दालनात.

याचं नाव ‘फुल कोर्ट रेफरन्स’. फिर्यादी नाही, आरोपी नाही, युक्तिवाद नाही. सरकारचा सर्वात मोठा वकील आणि वकील संघटनेचा अध्यक्ष एरवी एकमेकांचं वाक्य पुरं होऊ देत नाहीत. इथे दोघं एकाच बाजूने बोलतात आणि न्यायमूर्ती मध्ये एक प्रश्नही विचारत नाहीत. वकिलांसाठी हे केवढं सुख असेल, ते वकीलच जाणोत.

भिलाईच्या सुपेल्यातल्या माणसाला मात्र या सोहळ्याची ओळख वेगळ्याच वाटेने होते. भांडण आकाशगंगा मार्केटमधल्या गाळ्याचं असो की सुपेला थाण्यात लिहिलेल्या मारामारीच्या रपटीचं, पेशीला जायचं दुर्गला. जी. ई. रोडची गर्दी कापत माणूस पोचतो, वकीलसाहेबांना शोधतो, आणि अशा एखाद्या दिवशी दालनाबाहेर कळतं: आज शोकसभा आहे, पुढली पेशी घ्या. कोण गेलं, हे बहुतेकांना घरी पोचेपर्यंत कळत नाही. गेलेल्यासाठी कोर्ट नेमकं काय काय करतं, हे तर कोणी सांगतच नाही. म्हणून हा सगळा मसाला एका जागी.

मौन दोनच मिनिटांचं

सर्वोच्च न्यायालयात वेळ बहुधा सकाळी साडेदहाची, म्हणजे रोजचं काम सुरू व्हायचीच. घरच्या मंडळींना बोलावणं गेलेलं असतं. आधी सरन्यायाधीश बोलतात: जन्म कुठे, शिक्षण कुठे, सनद कधी, गाजलेले निकाल कोणते. मग अ‍ॅटर्नी जनरल, मग बारचे अध्यक्ष. उच्च न्यायालयात अ‍ॅटर्नीच्या जागी राज्याचे महाधिवक्ता. बिलासपूरला छत्तीसगड उच्च न्यायालयात, मुंबईत किंवा नागपूर खंडपीठात गेलात तरी साचा हाच. शेवटी सगळे उभे राहतात. दोन मिनिटं शांतता. एरवी एक क्षण गप्प न बसणारी ही जागा त्या दोन मिनिटांत फारच मोठी वाटते.

भाषणं आणि ठराव यांची प्रत कुटुंबाकडे जाते. पुष्कळ वेळा ही भाषणं निकाल छापणाऱ्या कायद्याच्या नियतकालिकांतही छापली जातात. म्हणजे ज्या खंडांत साहेबांचे निकाल बांधून ठेवलेले असतात, तिथेच त्यांचा मृत्युलेखही जाऊन बसतो. पन्नास वर्षांनी कुणी ज्युनिअर धूळ झटकून तो खंड काढेल, तेव्हा त्याला निकाल सापडेल आणि निकाल देणारा माणूसही.

या भाषणांबद्दल एक खवचट निरीक्षण नोंदवतो. रेफरन्सच्या भाषणात प्रत्येक न्यायमूर्ती शांत, मितभाषी आणि ज्युनिअर वकिलांना सांभाळून घेणारा असतो. ज्यांच्या कोर्टात ज्युनिअर थरथरत उभे राहायचे, तेही!

झेंडा दिल्लीत उतरतो, भिलाईत नाही

राष्ट्रध्वज कोणासाठी अर्ध्यावर आणायचा, याची यादी ध्वजसंहितेत आहे. राष्ट्रपती, उपराष्ट्रपती, पंतप्रधान यांच्यासाठी देशभर. सरन्यायाधीश आणि लोकसभेचे अध्यक्ष यांच्यासाठी फक्त दिल्लीत. मुख्यमंत्र्यांसाठी त्यांच्या राज्यभर. उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती या यादीत नाहीतच. राज्याच्या मंत्र्यासाठी निदान राजधानीत झेंडा उतरतो. ज्या न्यायमूर्तीने त्याच मंत्र्याचा आदेश रद्द केला असेल, त्याच्यासाठी कुठेच नाही.

पदावर असताना वारलेले सरन्यायाधीश आजवर दोन. पहिले तर पहिलेच: हरिलाल कणिया, मूळ मुंबई उच्च न्यायालयातले. ६ नोव्हेंबर १९५१ रोजी ते गेले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाला स्वतःची इमारतसुद्धा नव्हती. कोर्ट संसद भवनात भरत असे आणि १९५८ पर्यंत तिथेच भरलं. दुसरे सब्यसाची मुखर्जी. ते २५ सप्टेंबर १९९० ला लंडनमध्ये वारले.

अमेरिकेचा कायदा या बाबतीत जास्त उदार आहे. तिथे सरन्यायाधीश निवृत्त झालेला असला तरी त्याच्यासाठी झेंडा १० दिवस अर्ध्यावर राहतो.

तीन शहरं, एक साहेब

सुपेला जागचं हललं नाही, पण सुपेल्याचं हायकोर्ट दोनदा बदललं. दुर्ग जिल्हा झाला १९०६ साली, तेव्हा हा मुलूख मध्य प्रांतात होता आणि वरचा न्याय नागपूरच्या ज्युडिशियल कमिशनरकडे. ९ जानेवारी १९३६ ला नागपूर उच्च न्यायालय सुरू झालं आणि दुर्गची अपिलं तिथे जाऊ लागली. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचना झाली. इकडे पोलाद कारखान्याची उभारणी चालू होती आणि तिकडे आमचं हायकोर्ट उठून जबलपूरला गेलं. १ नोव्हेंबर २००० ला छत्तीसगड झालं आणि ते बिलासपूरला आलं. तारीख पुन्हा १ नोव्हेंबरच! इथल्या जुन्या घराण्यांत तीन शहरांच्या मोहोरा असलेली जमिनीची कागदपत्रं निघतात, ती यामुळे.

या तीन शहरांना सांधणारा माणूस म्हणजे मोहम्मद हिदायतुल्ला. शाळा रायपूरची, कॉलेज नागपूरचं मॉरिस, मग केंब्रिजचं ट्रिनिटी. १९३० पासून नागपुरात वकिली, १९४३ मध्ये प्रांताचे अ‍ॅडव्होकेट जनरल, १९४६ मध्ये न्यायमूर्ती, १९५४ मध्ये नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती. कोर्ट जबलपूरला गेलं, तसे साहेबही गेले आणि नव्या मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचे पहिले मुख्य न्यायमूर्ती झाले. म्हणजे १ नोव्हेंबर १९५६ ला दुर्गवाल्यांचं राज्य बदललं, राजधानी बदलली, हायकोर्टाचं गाव बदललं. मुख्य न्यायमूर्ती मात्र कालचेच राहिले. सरकारी बदलांत असा दिलासा क्वचित मिळतो.

पुढे ते सर्वोच्च न्यायालयात गेले, १९६८ ते १९७० सरन्यायाधीश होते. १९६९ मध्ये राष्ट्रपती झाकिर हुसेन वारले आणि त्यांच्या जागी काम पाहणारे उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी निवडणूक लढवायला राजीनामा देऊन बाहेर पडले, तेव्हा खुर्ची रिकामी राहू नये म्हणून सरन्यायाधीश हिदायतुल्ला महिनाभर हंगामी राष्ट्रपती झाले. नेमके त्याच दिवसांत अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन दिल्लीला आले आणि त्यांचं स्वागत रायपूरच्या शाळेत शिकलेल्या न्यायमूर्तीने केलं. १९७९ पासून पाच वर्षं ते उपराष्ट्रपती होते. १८ सप्टेंबर १९९२ ला मुंबईत त्यांचं निधन झालं.

आणि छत्तीसगडने त्यांना दिलेला मान? राज्य स्थापन झाल्यावर लगेचच, २००३ मध्ये, रायपूरला कायद्याचं राष्ट्रीय विद्यापीठ निघालं, त्याला नाव दिलं हिदायतुल्लांचं. आज ते नवा रायपूरला आहे, सुपेल्याहून तास-दीड तासाच्या अंतरावर. आमच्या भागातल्या कित्येक मुलांना हे नाव कोणाचं, याचा पत्ता नसतो. ती नुसतं ‘एचएनएलयू’ म्हणतात आणि क्लॅटचा कटऑफ विचारतात. तरीही दोन मिनिटांच्या मौनापेक्षा हा मान मला उजवा वाटतो. दरवर्षी शेकडो वकील एका न्यायमूर्तीचं नाव पदवीवर घेऊन बाहेर पडतात, आणि त्यातले काही त्याच बिलासपूरच्या कोर्टात उभे राहतात.

मुंबईची ती खुर्ची

आता जरा अंगावर काटा आणणारी गोष्ट. मुंबई उच्च न्यायालयाचे पहिले कायम भारतीय न्यायमूर्ती नानाभाई हरिदास, नेमणूक १८८४. ते पदावर असतानाच १८८९ मध्ये वारले. त्यांच्या जागी आले काशिनाथ त्र्यंबक तेलंग: भगवद्गीतेचा इंग्रजी अनुवाद करणारे, मुंबई विद्यापीठाचे पहिले भारतीय कुलगुरू. १ सप्टेंबर १८९३ ला तेही पदावर असतानाच गेले, वय अवघं ४३. त्या जागी आले महादेव गोविंद रानडे. १६ जानेवारी १९०१ ला, एकोणसाठावा वाढदिवस दोन दिवसांवर असताना, तेही गेले, आणि तेही पदावरच.

एकाच खुर्चीवर एकामागून एक तीन. चौथे आले नारायण गणेश चंदावरकर. लाहोर काँग्रेसचं अध्यक्षपद संपवून ते जेमतेम परतले होते. त्यांनी ही साखळी तोडली. खुर्ची सोडल्यावर बरीच वर्षं ते जगले आणि १९२३ मध्ये वारले. आजच्या काळात अशा खुर्चीखाली कोणी लिंबू-मिरची बांधली असती!

कलकत्त्यातही हेच झालं होतं. तिथले पहिले भारतीय न्यायमूर्ती शंभुनाथ पंडित, नेमणूक १८६३. ते १८६७ मध्ये पदावर असताना गेले. त्यांच्या जागी आलेले द्वारकानाथ मित्तर १८७४ मध्ये गेले. गोऱ्यांच्या बरोबरीने बसायला मिळालेली पहिली पिढी, कामाचा डोंगर आणि त्या काळची औषधं. शापापेक्षा हे कारण मला जास्त पटतं.

रानड्यांच्या निधनानंतर मुख्य न्यायमूर्ती सर लॉरेन्स जेंकिन्स यांनी न्यायासनावरूनच त्यांना श्रद्धांजली वाहिली. इंग्रज मुख्य न्यायमूर्तीने भर कोर्टात एका मराठी सहकाऱ्याचा गौरव करावा, ही तेव्हा लहान गोष्ट नव्हती. शोकाच्या बाबतीत मुहूर्त मात्र विचित्र लागला. सहाच दिवसांनी, २२ जानेवारीला, राणी व्हिक्टोरिया गेली आणि सगळं साम्राज्य काळ्या कपड्यांत बुडालं.

पण रानड्यांना मिळालेला खरा मान कोर्टाबाहेरचा होता. ज्यांच्याशी त्यांचं जन्मभर वाजलं, त्या टिळकांनी ‘केसरी’त मृत्युलेख लिहिला. थंड पडलेल्या महाराष्ट्रात ऊब आणायला रानडे रात्रंदिवस झटले, असं त्याचं सार. विरोधकाने लिहिलेला मृत्युलेख हा रेफरन्सपेक्षा नेहमीच भारी, कारण त्याला कोणी तो प्रोटोकॉल म्हणून लिहायला लावलेलं नसतं.

आणि आज? दादरचा रानडे रोड. तिथे साडी घेणाऱ्याला न्यायमूर्ती आठवत नाहीत, मॅचिंग ब्लाऊजपीस आठवतो. कलकत्त्यात शंभुनाथ पंडितांच्या वाट्याला रस्ता आला आणि एक रुग्णालयही. रस्त्याला नाव मिळालं की माणूस सगळ्यांच्या तोंडी राहतो, फक्त त्याचं काम पुसलं जातं.

पुतळा, पाटी आणि माकड

मुंबई उच्च न्यायालयात मुख्य न्यायमूर्तींच्या दालनाबाहेर एक पुतळा आहे, एम. सी. छागलांचा. स्वातंत्र्याच्या वर्षी ते या कोर्टाचे पहिले कायम भारतीय मुख्य न्यायमूर्ती झाले आणि ११ वर्षं राहिले. ९ फेब्रुवारी १९८१ ला ते वारले, तेव्हा कोर्ट बंद ठेवण्यात आलं. जन्माने मुसलमान असूनही त्यांच्या इच्छेप्रमाणे दफन न करता दहन झालं. पुतळा बसला १९८५ मध्ये, जिथे ते स्वतः न्यायदान करत त्याच दाराशी. आज त्या दालनात शिरणाऱ्या वकिलाला आधी छागलांच्या नजरेसमोरून जावं लागतं. युक्तिवाद पुरता तयार नसेल तर ते जरा अवघडच!

याच छागलांनी १९५६ मध्ये, टिळकांच्या जन्मशताब्दीला, त्याच इमारतीत टिळकांच्या शब्दांची पाटी लावली. १९०८ मध्ये जिथे न्यायमूर्ती दावर यांनी टिळकांना सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा ठोठावली, त्याच दालनाबाहेर. ज्युरीने दोषी ठरवल्यावर टिळक जे बोलले, तेच तिथे कोरलं आहे. कोर्टाने आपल्या न्यायमूर्तीला नव्हे, आपल्याच आरोपीला मान दिल्याचं असं दुसरं उदाहरण शोधूनही पटकन सापडणार नाही. दावरांना पुढे सरकारने ‘सर’ केलं. लोकांना मात्र ते टिळकांच्या खटल्यापुरतेच ठाऊक आहेत.

याच इमारतीच्या दगडात म्हणे एका डोळ्यावर पट्टी बांधलेला आणि हातात वाकडा तराजू धरलेला एक माकड न्यायाधीशही कोरलेला आहे. खटला हरलेल्या एका पारशी कंत्राटदाराने सूड म्हणून तो कोरवला, अशी दंतकथा. इमारत पुरी झाली १८७८ मध्ये. गंमत अशी की या कोर्टाचे बहुतेक इंग्रज न्यायमूर्ती विस्मरणात गेले, पण ते माकड दाखवायला वकील आजही पाहुण्यांना हाताला धरून नेतात.

जिवंतपणीच भिंतीवर

तसबीर ही मेल्यावर लागायची वस्तू, असा आपल्याकडे दंडक. घरात काय, कोर्टात काय. त्याला एक ठळक अपवाद आहे: न्यायमूर्ती हंसराज खन्ना.

गोष्टीचं एक टोक आमच्या जुन्या हायकोर्टापाशी, जबलपूरला. आणीबाणीत लोकांना विनाचौकशी डांबलं. जबलपूरच्या उच्च न्यायालयासकट अनेक उच्च न्यायालयांनी म्हटलं की अटकेविरुद्ध कोर्टात येण्याचा हक्क शिल्लक आहे. सरकार अपिलात गेलं. एडीएम जबलपूर म्हणून गाजलेल्या या खटल्यात एप्रिल १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ४ विरुद्ध १ असा निकाल दिला: आणीबाणीत तो हक्क नाही. तो ‘१’ म्हणजे खन्ना. अमेरिकेतल्या ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने लगेच लिहिलं की या देशात पुन्हा स्वातंत्र्य आलं तर कोणीतरी खन्नांचं स्मारक उभारेल. सरन्यायाधीशपद त्यांना डावलून दुसऱ्याला दिलं गेलं, खन्नांनी राजीनामा दिला. आणि १९७८ मध्ये, ते चांगले हिंडते-फिरते असताना, ज्या कोर्ट क्रमांक २ मध्ये ते बसत तिथेच त्यांचं पूर्णाकृती तैलचित्र लागलं. त्यानंतर ते जवळजवळ ३० वर्षं जगले. २५ फेब्रुवारी २००८ ला गेले, तेव्हा भिंतीवर नवं काही लावायची गरजच उरली नव्हती.

पुढे २०१९ च्या जानेवारीत त्यांचे पुतणे संजीव खन्ना सर्वोच्च न्यायालयात नेमले गेले. पहिल्या दिवशी ते बसले कुठे? कोर्ट क्रमांक २ मध्ये, काकांच्या चित्रासमोर.

१९७६ च्या निकालातल्या त्या चार जणांत यशवंतराव चंद्रचूड होते: पुण्यात जन्मलेले, पुढे सात वर्षांहून जास्त काळ, म्हणजे आजवर सर्वांत दीर्घ काळ सरन्यायाधीश. १४ जुलै २००८ ला मुंबईत त्यांचं निधन झालं, खन्नांनंतर पाचच महिन्यांनी. नऊ वर्षांनी, २४ ऑगस्ट २०१७ ला, पुट्टस्वामी खटल्यात तो १९७६ चा निकाल चुकीचा ठरवून रद्द झाला. त्या दिवशीचं मुख्य निकालपत्र लिहिलं त्यांचेच चिरंजीव धनंजय चंद्रचूड यांनी. न्यायमूर्तीचं श्राद्ध त्याच्या मुलाने एवढ्या उघडपणे घातल्याचं उदाहरण विरळाच. माझ्या मते वडिलांना यापेक्षा मोठा मान देता आला नसता. पण यावर घराघरांत दोन मतं असतील, हेही मान्य.

साता समुद्रापलीकडे

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती वारला की त्याच्या खुर्चीवर आणि समोरच्या बाकावर काळं कापड घालतात, दालनाच्या दारावरही. निदान १८७३ पासून, सरन्यायाधीश सॅल्मन चेस वारले तेव्हापासून, ही रीत चालू आहे. इतर न्यायमूर्ती दोन्ही बाजूंना बसून काम चालू ठेवतात, मध्ये ती काळी खुर्ची. रूथ बेडर गिन्सबर्ग गेल्या तेव्हा त्यांचं पार्थिव कोर्टाच्या पायऱ्यांवर, अब्राहम लिंकनसाठी बनवलेल्या चौथऱ्यावर ठेवलं होतं. मग ते संसद भवनात नेलं. तिथे असा मान मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री. त्या गेल्या ती तारीख १८ सप्टेंबर २०२०. आमचे हिदायतुल्ला गेले तीही १८ सप्टेंबरच, वर्ष वेगळं.

पण प्रत्येकाला मान मिळतोच असं नाही. काळ्या माणसाला नागरिकत्वच नाही असा निकाल १८५७ मध्ये देणारे सरन्यायाधीश रॉजर टॉनी वारले, तेव्हा त्यांचा अर्धपुतळा बनवायला पैसे द्यायला संसदेनेच नकार दिला. चेस वारल्यावर १८७४ मध्ये दोघांच्या पुतळ्यांना मिळून एकदाची मंजुरी आली. टॉनींचा पुतळा जवळजवळ दीडशे वर्षं राहिला आणि २०२३ मध्ये हलवला गेला. त्या जागी कोणाचा पुतळा बसवायचा, हेही कायद्याने ठरवलं: थर्गूड मार्शल, तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती.

आपल्या न्यायमूर्ती राधाविनोद पालांचं उलट. टोकियो खटल्यात जपानी आरोपींना निर्दोष म्हणणारे ते एकटेच. १९६७ मध्ये ते वारले. भारतात त्यांचं नाव फारसं कोणी काढत नाही. जपानमध्ये यासुकुनी मंदिराच्या आवारात २००५ मध्ये त्यांचं स्मारक उभं राहिलं. ते मंदिर स्वतःच वादाच्या भोवऱ्यात असतं, हा भाग वेगळा.

आणि इराणचा तो जुना किस्सा, हिरोडोटसने सांगितलेला. राजा कॅम्बायसिसने लाचखाऊ न्यायाधीश सिसाम्नीसला मारून त्याचं कातडं सोललं, न्यायासनाला मढवलं आणि त्याच आसनावर त्याच्या मुलाला न्यायाधीश म्हणून बसवलं. वर बजावलं, कशावर बसला आहेस ते विसरू नकोस. बेल्जियममधल्या ब्रुज शहराच्या नगरसभेने १४९८ मध्ये याचं चित्र काढवून आपल्या न्यायदालनात लावलं होतं. रेफरन्सचं भाषण लिहिणाऱ्यांनी हा किस्सा टाळलेलाच बरा.

मराठी माणसाचा न्यायाधीश

रामशास्त्री प्रभुणे १७८९ मध्ये वारले, तेव्हा ना फुल कोर्ट होतं, ना महाधिवक्ता. नारायणराव पेशव्यांच्या खुनाबद्दल थेट राघोबादादांना दोषी ठरवणारा हा माणूस. पण त्यांचा रेफरन्स प्रभात फिल्म कंपनीने १९४४ मध्ये घेतला, ‘रामशास्त्री’ या चित्रपटाने. मराठीत आजही न्यायाधीशाची स्तुती करायची तर ‘रामशास्त्री बाण्याचा’ म्हणतात. ना पुतळ्याचा खर्च, ना सुट्टी.

पण पेशीचं काय?

आता नाजूक जागा. न्यायमूर्तींसाठी उच्च न्यायालयं रेफरन्स घेतात, तो बहुधा तासाभरात आटोपतो. खालच्या कोर्टात मात्र शोकसभा म्हणजे दिवसभराची सुट्टी असा रिवाज अनेक ठिकाणी पडला. न्यायमूर्ती गेले तर एक वेळ ठीक. वकिलाचे नातेवाईक वारले तरीही काम बंद. विधी आयोगाने मार्च २०१७ च्या २६६ व्या अहवालात वकिलांनी काम बंद ठेवण्याची जी कारणं नोंदवली, त्यात नेपाळचा भूकंप आहे, पाकिस्तानातल्या शाळेतला बॉम्बस्फोट आहे, श्रीलंकेची घटनादुरुस्ती आहे, जोराचा पाऊस आहे, नातेवाइकांचा मृत्यू आहे आणि कविसंमेलनसुद्धा आहे! कवींनी इतकी दहशत कधी बसवली, हे कळायला मार्ग नाही.

सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००२ मध्ये हरीश उप्पल खटल्यात सांगितलं होतं की वकिलांना संपाचा हक्क नाही. उत्तराखंडच्या काही जिल्ह्यांतले वकील तरीही ३५ वर्षं दर शनिवारी काम बंद ठेवत होते. २८ फेब्रुवारी २०२० ला त्यांचेही कान उपटले गेले. ऑगस्ट २०२४ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने आणखी स्पष्ट केलं: शोकसभा घ्यायची तर दुपारी साडेतीननंतर घ्या, शोकाच्या नावाखाली काम बंद ठेवण्याची हाक दिली तर तो न्यायालयाचा अवमान.

साडेतीन ही वेळ मला फार आवडली. साक्षीदार सकाळी येतो, रोजंदारी बुडवून येतो. त्याची साक्ष होऊ द्या, मग उभे राहा, मौन पाळा, भाषणं करा. छत्तीसगडचे माजी मुख्य न्यायमूर्ती अजय कुमार त्रिपाठी लोकपालचे सदस्य असताना २ मे २०२० ला करोनाने गेले. त्या काळात कोर्टं पडद्यावर भरत होती, गर्दी करायची सोय नव्हती, तरी शोक करणारे शोक करतच होते आणि तातडीची कामंही चालत होती. जमत असेल तर एरवीही जमवावं.

तोवर सुपेल्याहून निघणाऱ्यांनी एवढं करावं. निघण्याआधी मोबाइलवर ‘ई-कोर्ट्स’ अ‍ॅपमध्ये आपल्या खटल्याचा १६ अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक टाकून तारीख बघावी. शोकसभेचा निरोप मिळाला तरी तसंच परतू नये. रीडरकडून पुढली पेशी लिहून घ्यावी, वकीलसाहेबांना कळवावी, आणि गेलेल्या न्यायमूर्तींचं नाव तेवढं विचारून यावं.